घराचा पाया आणि पावसाचे पाणी



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. ते लोण पुढे गावोगाव पोहोचले आणि आज राजुरीसारख्या ठिकाणी उन्हाळ्याच्या संध्याकाळी आपण इतके लोक घरची कामे बाजूला ठेवून ऐकावयास बसला आहात. ह्या मालेत आम्हांस बोलावले ह्याबद्दल चालकांचे आभार मानतो. कामगार संघटनेचा माणूस उभा राहिला की तो बोनस, महागाई भत्ता आणि संप ह्यांवरच बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आजचा विषय आम्ही मुद्दाम निराळा घेतला आहे : घराचा पाया, अंगणातला काँक्रीटचा कोबा, आणि ह्या दोहोंना हलविणारे पाणी.

हा विषय इंजिनियराचा आहे, तुमचा नव्हे, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. आमचे शाळेतले शिक्षण बेताचेच झाले. पुढे जे काही शिकलो ते वाचनालयात बसून आणि गवंड्यांच्या शेजारी उभे राहून. परंतु हा विषय कामगाराचाही आहे, तो कसा ते सांगतो. जुन्नर-आंबेगावच्या घराघरांतून माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली. १९८२ च्या संपानंतर त्यांतली पुष्कळ परत आली. त्यानंतरची पिढी पिंपरी, भोसरी, चाकणच्या कारखान्यांत गेली. तीस-पस्तीस वर्षे पाळ्या केल्यावर फंड आणि ग्रॅच्युइटी हाती येते. मुलीचे लग्न झालेले असेल तर त्या पैशाचे पहिले काय होते? गावी घर होते. म्हणजे ज्या पैशासाठी संघटनेने वर्षानुवर्षे भांडण केले, तो सगळा पैसा अखेर जमिनीत चार-पाच फूट खाली आणि जमिनीवर दहा-बारा फूट वर जाऊन बसतो. ते घर पाच वर्षांत तडकले, तर गेलेला फंड दुसऱ्यांदा मिळत नाही. म्हणून पगाराच्या कराराइतकेच लक्ष पायाकडे द्यावे, असे आम्हांस वाटते.

आधी जमिनीची ओळख करून घेऊ. आपला सह्याद्री आणि हे सारे पठार ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे बनले आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो रस थरावर थर पसरला आणि थिजून काळा पाषाण झाला. तो पाषाण झिजून कुजून मुरूम झाला, आणि मुरमाची पुढची अवस्था म्हणजे आपली काळी माती. म्हणूनच आपल्याकडे एका शेतात काळी असते आणि बांधापलीकडे मुरमाड. शेतकरी काळीवर खूश असतो, कारण ती पाणी धरून ठेवते. परंतु पिकाच्या दृष्टीने जो गुण, तोच घराच्या दृष्टीने दोष आहे.

ह्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे एक खनिज असते. फ्रान्समधील मॉन्टमोरिलों ह्या गावावरून त्यास हे नाव पडले. त्याची रचना पातळ पापड्यांच्या चळतीसारखी असते. पाणी आले की ते पापड्यांच्या मध्ये शिरते आणि चळत फुगते. पाणी गेले की चळत बसते. साबुदाणा भिजत घातला की भांडे भरते, तसेच हे आहे. फरक इतकाच की साबुदाण्याच्या डोक्यावर कोणी घर बांधलेले नसते. चैत्र-वैशाखात काळ्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि आषाढात त्या मिटतात, हे आपण लहानपणापासून पाहतो. जमीन दर वर्षी एकदा श्वास सोडते आणि एकदा घेते. तिच्यावर आपण जे उभे करतो, त्यालाही तिच्याबरोबर खालीवर व्हावे लागते.

आपली माती कितपत फुगते हे पाहण्याची एक सोपी परीक्षा आहे. भारतीय मानकांत ती दिलेली आहे आणि प्रयोगशाळेत ती नीट मापाने करतात. तिचे तत्त्व असे : वाळवून बारीक चाळलेली माती प्रत्येकी १० ग्रॅम घ्यावयाची. एक वाटा मापाच्या उभ्या काचनळीत रॉकेलमध्ये टाकावयाचा आणि दुसरा तशाच नळीत पाण्यात. रॉकेल मातीच्या पापड्यांत शिरत नाही, म्हणून तिथली माती फुगत नाही. चोवीस तासांनी दोन्ही नळ्यांतील मातीची उंची पाहावयाची. रॉकेलमध्ये माती १२ घनसेंटिमीटर भरली आणि पाण्यात २० भरली, तर ती दोन-तृतीयांशाने फुगली. निम्म्याहून अधिक फुगणारी माती दिसली की सावध व्हावे आणि जाणकारास विचारल्यावाचून पाया आखू नये. घराच्या एकूण खर्चाच्या मानाने ह्या परीक्षेचा खर्च किरकोळ आहे. दाराच्या नक्षीवर आपण त्याहून अधिक घालवितो.

आता घर कसे हलते ते पाहू. काळ्या मातीत पाया उथळ घेतला आणि घर बांधून झाले. पहिल्या पावसात घराभोवतीची माती भिजते, फुगते आणि भिंतींच्या कडा वर उचलते. घराच्या पोटाखाली पाऊस पोहोचत नाही, तो भाग कोरडाच राहतो. पुढे काही वर्षांनी उलटा प्रकार होतो. पोटाखालची ओल छपरामुळे उडून जात नाही, ती तिथे साठत जाते. आणि उन्हाळ्यात कडेची माती मात्र वाळून आक्रसते. कडा खाली आणि मध्य वर, अशी घराची अवस्था होते. भिंत वाकण्यासाठी बनलेली नसते, म्हणून ती तडकते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी, पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणारी भेग दिसली, पावसाळ्यात दार चौकटीत अडकू लागले आणि दिवाळीनंतर आपोआप मोकळे झाले, तर सुताराला बोलावण्याआधी जमिनीकडे पाहावे. रंधा मारून दार बसेल, जमीन बसणार नाही.

इथे एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. घर हलके म्हणजे पायाची चिंता कमी, असे आपण समजतो. काळ्या मातीत ते उलट आहे. मोठ्या इमारतीचे ओझे फुगणाऱ्या मातीला दाबून धरते. एकमजली घराचे ओझे तेवढे नसते आणि माती त्याला सहज उचलते. म्हणजे ज्याच्याजवळ पैसा कमी, त्याचेच घर अधिक हलते. जगात पुष्कळ ठिकाणी हीच तऱ्हा आहे. अमेरिकेत टेक्सासमधील चिकणमातीच्या भागात लोक उन्हाळ्यात बागेइतकेच काळजीने घराच्या पायाकडेला पाणी देतात, हेतू हा की माती एकसारखी ओली राहावी. इंग्लंडात १९७६ साली मोठा दुष्काळ पडला, चिकणमाती आक्रसली आणि हजारो घरमालक भेगांची भरपाई मागत विमा कंपन्यांच्या दारी गेले. आपल्याकडे विमा कंपनीचे दार लांब आहे. तेव्हा भेग पडण्यापूर्वीच काय करता येईल ते पाहणे बरे.

पहिला उपाय जुना आहे आणि आपले गवंडी तो जाणतात. काळीचा थर तीन-चार फुटांचा असेल तर तो ओलांडून खाली पक्क्या मुरमावर किंवा खडकावर पाया न्यावा. मात्र सगळा पाया एकाच जातीच्या जमिनीवर असावा. अर्धे घर मुरमावर आणि अर्धे काळीवर ठेवले की मुरूम हलत नाही, काळी हलते, आणि भांडण मधल्या भिंतीत होते. काळी फार खोल असेल तर पायाचा खर्च परवडत नाही. अशा जमिनीसाठी रुडकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने तळाशी कांद्यासारख्या फुगीर खांबाची पद्धत विकसित केली. खोल काळीत असा खांब निदान साडेतीन मीटर खाली नेतात, कारण तिथे उन्हाळा-पावसाळ्याचा फेरा फारसा पोहोचत नाही. तळाचा गड्डा खांबाच्या साधारण अडीचपट रुंद असतो, त्यामुळे माती फुगली तरी खांब उपटला जात नाही. खांबांवरच्या तुळईखाली सुमारे तीन इंच पोकळी ठेवतात, म्हणजे मातीला फुगावयास जागा मिळते. काटकसर म्हणून ती पोकळी कोणी भरून टाकली, तर सगळा खर्च वाया गेला असे समजावे.

मुंबईच्या आय. आय. टी. तील प्राध्यापक आर. के. कट्टी ह्यांनी काळ्या मातीवर पुष्कळ वर्षे संशोधन केले. फुगणाऱ्या मातीवर साधारण एक मीटर जाडीचा, चिकट परंतु न फुगणाऱ्या मातीचा थर नीट दाबून घातला तर खालचे फुगणे आटोक्यात राहते, असे त्यांनी दाखविले. कालव्यांच्या अस्तरीकरणात ह्या पद्धतीचा उपयोग झाला. आपल्याकडचा चांगला, किंचित चिकट मुरूम ह्या कामी येतो. निव्वळ वाळू भरू नये. वाळू पाणी अडवीत नाही, ती ते खालच्या काळीपर्यंत पोहोचविते.

आता पाण्याकडे वळतो. माती फुगते हा तिचा स्वभाव आहे, तो आपण बदलू शकत नाही. पाणी कोठे जावे हे मात्र आपल्या हाती आहे. एक हिशेब मांडतो. एक हजार चौरस फुटांच्या गच्चीवर एक इंच पाऊस पडला, की सुमारे २,३६० लिटर पाणी होते. दोनशे लिटरची जवळजवळ बारा पिंपे! गच्चीच्या दोन कोपऱ्यांना दोन नळ ठेवले आणि ते जमिनीपासून हातभर वर सोडून दिले, तर एका सरीत सहा पिंपे पाणी पायाच्या एकाच कोपऱ्यावर ओतल्यासारखे होते. मग तोच कोपरा का तडकला, असे आपण वास्तुशास्त्र सांगणाऱ्यास विचारतो.

जुनी घरे पाहा. ज्याला ऐपत होती त्याने घडीव दगडाचे उंच जोते बांधले, छप्पर भिंतीबाहेर दीड-दोन हात काढले, पागोळ्या भिंतीपासून दूर पाडल्या आणि अंगणाला रस्त्याकडे उतार दिला. त्या माणसांनी मॉन्टमोरिलोनाइटचे नाव ऐकले नव्हते. पाणी भिंतीच्या मुळाशी थांबू देऊ नये एवढे त्यांना पक्के ठाऊक होते. सपाट गच्ची आली, सज्जा आखूड झाला, आणि आपण हा धडा विसरलो.

तेव्हा गच्चीचे पाणी नळाने थेट गटारापर्यंत न्यावे, किंवा टाकीत साठवावे. घराच्या चारी बाजूंना निदान तीन फूट रुंदीचा पक्का पट्टा करावा आणि त्याला बाहेर उतार द्यावा. फुटाला पाव इंच उतार पुरतो. शोषखड्डा, मोरीचे पाणी, धुण्याचा दगड आणि गोठ्याचे ओहळ पायापासून लांब ठेवावे. भिंतीला टेकून केळी लावण्याची आपल्याकडे हौस आहे. रोज बादलीभर पाणी पायात ओतण्याचाच तो प्रकार होय. मोठ्या झाडाची गोष्ट निराळी. ते उन्हाळ्यात मातीतली ओल ओढून घेते आणि त्या बाजूची जमीन खचविते. म्हणून झाड जेवढे उंच वाढणार, साधारण तेवढ्या अंतरावर ते लावावे. झाड तोडा असे आम्ही म्हणत नाही. काळीत जुने झाड एकदम तोडले तर साठणाऱ्या ओलीने जमीन उलट फुगते.

अंगणातल्या कोब्याची तक्रार सर्वांची आहे. घालताना आरशासारखा दिसतो आणि दोन पावसाळ्यांत त्याचा नकाशा होतो. कारण साधे आहे. वरची काळी न काढता तिच्यावरच खडी पसरली जाते आणि वर चार बोटे काँक्रीट ओतले जाते. निदान फूट-दीड फूट काळी काढावी, सहा-सहा इंचांचे मुरमाचे थर घालावे, प्रत्येक थरावर पाणी मारून धुम्मस चालवावा आणि मग काँक्रीट करावे. माणसे आणि दुचाकी जाणार असतील तर चार इंच जाडी पुरते. कांद्याने भरलेला ट्रॅक्टर किंवा टोमॅटोची पिकअप उभी राहणार असेल तर सहा इंच हवी. काँक्रीट वाळताना आक्रसते, त्यामुळे ते कोठेतरी फाटणारच. ते कोठे फाटावे हे आपण ठरवावे. चार इंची कोब्याला दर आठ-दहा फुटांवर, जाडीच्या पाव भाग खोल अशी सरळ खाच मारावी, म्हणजे भेग त्या खाचेत गुपचूप बसते. कोबा घराच्या भिंतीला चिकटवू नये. दोहोंमध्ये अर्धा इंच फट ठेवून ती डांबराच्या पट्टीने भरावी. दोघे वेगवेगळे हलणार आहेत. त्यांना एकत्र बांधले तर एक दुसऱ्याला ओढतो. कोब्याचा उतार घराकडे झाला तर मात्र कोबा नसलेला बरा.

आता आमच्या मूळ धंद्यावर येतो. काँक्रीट बिघडते ते बहुतेक दोन ठिकाणी : पाणी मिसळताना आणि पाणी मारताना. पन्नास किलोच्या सिमेंटच्या गोणीस वाळूतली ओल धरून पंचवीस ते तीस लिटर पाणी पुरते. माल सहज पसरावा म्हणून त्यात आणखी बादली ओततात आणि तिथेच निम्मी ताकद जाते. पुढे दुसरी गोष्ट. आज बाजारात मिळणारे बरेचसे सिमेंट राख मिसळलेले असते. त्यावर निदान दहा दिवस आणि उन्हाळी वाऱ्यात चौदा दिवस ओल टिकली पाहिजे, असे मानक सांगते. पण ठेका चौरस फुटावर दिलेला असतो. पाणी मारणाऱ्या बिगाऱ्याची चौदा दिवसांची मजुरी त्या दरात कोणी धरलेली नसते. मग तिसऱ्या दिवशी तो बिगारी दुसऱ्या कामावर जातो आणि आपण म्हणतो, हल्लीचे मजूर कामचुकार झाले! बंधूंनो, ज्या कामाचा दाम ठरलेला नाही ते काम होत नाही. कारखान्यात हे आपल्याला चांगले कळते. स्वतः मालक झालो की विसरावयास होते.

म्हणून ठेकेदाराशी करार करताना तो कागदावर करावा. पायाची खोली, मुरमाचे थर, काँक्रीटचे प्रमाण, पाणी मारण्याचे दिवस आणि त्या दिवसांची वेगळी मजुरी, हे सारे त्यात लिहावे. पाया भरण्यापूर्वी खड्डा स्वतः उतरून पाहावा. शेवटचा हप्ता पहिला पावसाळा पाहून द्यावा, आणि घर टिकले तर तो ताबडतोब द्यावा. १९९६ साली बांधकाम मजुरांसाठी देशात वेगळा कायदा झाला, तो ह्या माणसांच्या लांब लढ्यानंतर. आपल्या घरावर राबणारा गवंडी हाही कोणाच्या तरी घरचा कर्ता आहे. त्याला सावली, पाणी आणि वेळेवर दाम देणाऱ्याचे काम सहसा बिघडत नाही, असा आमचा अनुभव आहे.

ज्यांच्या घराला आधीच भेगा आहेत त्यांनी घाबरू नये आणि घाईने गिलावाही करू नये. भेगेच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी. मध्ये प्लास्टर ऑफ पॅरिसचा पातळ ठिपका लावावा. तो वर्षभर शाबूत राहिला तर हालचाल थांबली आहे, भेग भरून टाकावी. तो तुटला तर आधी पाण्याची वाट शोधावी : फुटलेला नळ, तुंबलेले गटार, वाहणारी टाकी. पुष्कळदा पाणी वळविले की घर स्थिरावते. भेग रुंदावतच असेल, भिंत ओळंब्यात राहिली नसेल, तर इंजिनियरास दाखविण्यात दिरंगाई करू नये.

इथवर आम्ही प्रत्येकाच्या घरापुरते बोललो. परंतु पाणी शेजाऱ्याची हद्द मानीत नाही. एकाने अंगण पक्के केले की त्याचे पाणी दुसऱ्याच्या भिंतीशी जाते. सगळ्यांनी अंगणे पक्की केली की सगळे पाणी रस्त्यावर येते. आणि रस्त्याची तऱ्हा काय आहे? जुना रस्ता न खोदता त्यावर नवा काँक्रीटचा थर चढतो. पाच-दहा वर्षांत असे दोन थर चढले की रस्ता फूटभर वर येतो आणि वाडवडिलांचे उंच जोते रस्त्याच्या खाली जाते. मग रस्त्याचे पाणी उंबरा ओलांडून आत येते. हे एकट्या घरमालकाने सुटणारे दुखणे नव्हे. ग्रामसभेत उभे राहून मागितले पाहिजे की आधी जुना थर काढा, रस्त्याची पातळी घरांच्या जोत्याखाली ठेवा, आणि गटाराचा उतार ओढ्यापर्यंत न्या. अंदाजपत्रक पाहण्याचा हक्क माहितीच्या अधिकाराने २००५ सालापासून आपल्याला आहे. तो वापरावा.

पाणी आणि जमीन ह्यांची गाठ किती भयंकर पडू शकते हे आपल्या शेजारच्या आंबेगाव तालुक्याने पाहिले आहे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी मुसळधार पावसाने भिजलेला डोंगर माळीण गावावर आला आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. तिकडे जाणाऱ्या एस. टी.च्या चालकाला जागेवर गाव दिसले नाही, तेव्हा बाहेरच्या जगाला कळले. वाचलेल्यांसाठी आमडे येथे नवे गाव बांधले गेले आणि २०१७ च्या एप्रिलमध्ये ते लोकांच्या हाती आले. त्याच वर्षीच्या पहिल्या पावसात तिथले रस्ते आणि भराव खचल्याच्या बातम्या आल्या. ज्यांनी सर्वस्व गमावले होते, त्यांना पुन्हा पायाखालच्या जमिनीची धास्ती घ्यावी लागली. उतारावरचा भराव बसू दिला पाहिजे, वरून येणारे पाणी घरांच्या माथ्याशीच चर खणून वळविले पाहिजे, आणि डोंगराचा पायथा कापता कामा नये, हे माळीणने दाखवून दिले आहे. राजुरी डोंगराच्या कुशीत नाही, म्हणून आपण निर्धास्त राहावे असे नाही. तिकडे जे एका सकाळी झाले, ते काळ्या मातीत वर्षानुवर्षे अंगुळ-अंगुळ होत असते, आणि हळूहळू होणाऱ्या नुकसानीकडे कोणी बातमीदार येत नाही.

घर पाहावे बांधून, असे आपली म्हण सांगते. त्यात पुढे एवढेच जोडावे की बांधल्यावर पहिल्या पावसात छत्री घेऊन घराभोवती एक फेरी मारून पाहावी. पाणी कोठे साचते, कोठून भिंतीकडे येते, ते त्या फेरीत दिसते. एक फावडे आणि थोडा मुरूम घेऊन त्याच दिवशी वाट वळवावी. आणि गल्लीतल्या चार घरांनी ही फेरी मिळून मारली, तर ग्रामसभेत बोलण्यासाठी मुद्दे आपोआप हाती येतील. पावसाळ्याला अजून दीड-दोन महिने आहेत, तेवढ्यात पुष्कळ काम होण्यासारखे आहे.